पाळणा रिकामा राहिला तरी ती बाळंतीणच

रजा हा शब्द आपल्या घरांत तसा उशिराच आला. आपल्या आज्या रोजंदारीने दुसऱ्याच्या शेतावर जात. काम नाही त्या दिवशी मजुरी नाही, एवढाच त्यांचा रजेचा नियम. बाळंत होऊन पंधरा दिवसांत पुन्हा निंदणीला गेलेली एक तरी बाई आपल्या प्रत्येकीच्या घराण्यात सापडेल. बाबासाहेबांमुळे आपण शिकलो, गाव सोडले, शहरात आलो. आज आपल्या लेकीसुना बँकेत, जिल्हा परिषदेत, दवाखान्यात, कारखान्यात, महापालिकेच्या सफाई खात्यात काम करतात. मस्टरवर आपले नाव आहे. बाळंतपणाची रजा असते, ती पगारी असते, हेही आता बहुतेकींना ठाऊक आहे.

पण बाळंतपण झाले आणि बाळ हाती लागले नाही तर? या प्रश्नापाशी आले की चांगली शिकलेली बाईसुद्धा गप्प होते. महिला मंडळाच्या कामात मी हे वाक्य कितीदा ऐकले आहे, “ताई, मूलच नाही, मग रजा कोणत्या तोंडाने मागू?” जणू रजा ही मूल दाखवून सोडवून घ्यायची वस्तू आहे. साहेबही तसेच समजतात, घरचेही तसेच समजतात, आणि ती स्वतःही तसेच समजते.

कायदा तसे समजत नाही. ही गोष्ट आपल्या भगिनींपर्यंत पोचलेली नाही, म्हणून आधी ती सांगते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात ‘मूल’ या शब्दाची व्याख्या देताना मृत जन्मलेले मूलही त्यात धरले आहे. गर्भारपणाच्या सव्वीस आठवड्यांपर्यंत गर्भ गेला तर तो गर्भपात. त्यासाठी लगेच पुढचे सहा आठवडे पगारी रजा. त्यानंतर झाली ती प्रसूती, बाळ रडलेले असो वा नसो. प्रसूती झाली की प्रसूतीची पूर्ण रजा. आधी ती बारा आठवडे होती. १ एप्रिल २०१७ पासून ती सव्वीस आठवडे झाली, दोन किंवा अधिक मुले हयात असलेल्या बाईला बारा आठवडे. इथे ‘हयात’ हा शब्द नीट वाचावा. जे बाळ गेले ते या हिशेबात मोजायचे नाही, म्हणून पुढच्या खेपेला तिची रजा कमी होत नाही. बाळ जिवंत जन्मले आणि चार दिवसांनी गेले, तरी आईची रजा तिथे तोडावी असे कायद्यात कुठेही नाही. गर्भपातामुळे वा बाळंतपणामुळे दुखणे लागले तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिना मिळतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रसूती किंवा गर्भपात झाल्यावर सहा आठवड्यांच्या आत बाईला कामावर ठेवणे हाच मालकाचा गुन्हा आहे. म्हणजे “तू आलीस तर बरे होईल” असे म्हणण्याचाही त्याला अधिकार नाही.

हा जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ती संहिता २०२० ची असली तरी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. गर्भपातानंतरचे सहा आठवडे तिथेही आहेत. तेव्हा कुणी साहेब म्हणाले की तो कायदा आता राहिला नाही, तर त्यांना ही तारीख सांगावी. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो त्यांना ही रक्कम मालकाकडून नाही, ईएसआयकडून मिळते, एवढाच फरक. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या भगिनींसाठी २ सप्टेंबर २०२२ चे परिपत्रक आहे. अठ्ठावीस आठवड्यांनंतर मृत बाळ जन्मले, किंवा जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांत गेले, तर साठ दिवसांची खास रजा. अट अशी की हयात मुले दोनपेक्षा कमी असावीत आणि बाळंतपण मान्यताप्राप्त दवाखान्यात झालेले असावे. त्याआधीच्या गर्भपातासाठी मात्र तिथे साऱ्या नोकरीत मिळून पंचेचाळीस दिवस. असे दुःख एका बाईवर फार वेळा येत नाही असे नियम करणाऱ्याला वाटले असावे.

आता माझे सांगते. २००९ च्या जानेवारीत मला आठवा महिना होता, तेहेतिसावा आठवडा. शनिवारी संध्याकाळपासून पोटातली हालचाल थांबली. रविवारी सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत, तेव्हाच मला कळले. मग कळा आणण्याचे औषध, सलाईन, पूर्ण बाळंतपण. मुलगी होती. माझ्या नवऱ्याने आणि दिराने तिला कापडात गुंडाळून नेले. “बघू नकोस, जीव अडकेल,” असे सगळ्यांनी मला सांगितले. तिसऱ्या दिवशी दूध आले. दुधाला कुठे ठाऊक होते? सिस्टरने छातीला घट्ट फडके बांधले आणि दोन गोळ्या दिल्या. बाजूच्या खाटेवरची बाई आपल्या बाळाला पाजताना पाठ फिरवून बसायची. तिला माझी लाज वाटत होती की भीती, देव न मानणारी मी, तेही मला कळले नाही.

अंगावरून पाच आठवडे जात होते. टाके होते, कंबर धरली होती, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. एखाद्या बाळंतिणीचे जे होते ते सगळे माझे झाले. एक गोष्ट सोडून. म्हणूनच मी म्हणते की बाळंतपणाची रजा पाळण्याची नसते, बाळंतिणीची असते. पाळणा भरला की रिकामा राहिला, यावर गर्भाशय आपला वेळ कमीजास्त करीत नाही.

कार्यालयाचे म्हणणे वेगळे पडले. नवरा अर्ज घेऊन गेला तर आस्थापना शाखेने बाळाचा जन्मदाखला मागितला. तो कुठून देणार? मग “बाळ नाही म्हणजे गर्भपात” असा शेरा मारून सहा आठवडे मंजूर केले. कायद्याप्रमाणे तेव्हा माझे बारा आठवडे होत होते. सहा आठवडे संपले तेव्हा मला जिना उतरवत नव्हता. पुढचे वीस दिवस माझ्या अर्जित रजेतून कापले. मधल्या काळात दर आठवड्याला फोन. “मार्च एंड आहे. घरी बसून तरी काय करणार? इकडे मन रमेल.” नवरा तर चौथ्या दिवशीच कामावर होता. त्याच्या कंपनीत बापाच्या दुःखाला रजेचा रकानाच नव्हता. एवढी मोठी रात्र काढून तो पहाटे पाचची पाळी करायला जायचा, आणि त्याला कुणी “कसा आहेस?” असे एका शब्दाने विचारले नाही. विचारायचे ते सगळे माझ्याबद्दल.

मार्चच्या मध्यावर मी रुजू झाले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने हसत विचारले, “मॅडम, मुलगा का मुलगी?” चहावाल्या पोराने पेढे मागितले. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. ज्यांना ठाऊक होते ते माझ्या टेबलावरून जाताना फायलीत बघत जात होते. माझी खुर्ची तीच, कॅशबुक तेच, दोन महिन्यांच्या व्हाउचरचा ढीग तसाच. एका बाईंनी धीर करून तोंड उघडले ते, “अजून वय आहे, दुसरे होईल.” सहानुभूतीच होती ती. पण हरवलेल्या पर्सबद्दलसुद्धा आपण असे बोलत नाही.

मधल्या सुट्टीत आमच्या शिपाई मावशी डबा घेऊन माझ्यासमोर बसल्या. आपल्याच समाजाच्या, पन्नाशीच्या पुढच्या. भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारले, “पोरगी कशी होती गं? जावळ होतं का?” दोन महिन्यांत हे कुणी विचारले नव्हते. मी म्हणाले, “मावशी, मला दाखवलीच नाही.” त्या म्हणाल्या, “माझी दोन गेली. एकाचं जावळ असं दाट होतं.” आणि हाताने दाखवले. मी तिथेच रडले, त्यांनी रडू दिले. मग मोरीवर तोंड धुतले आणि दुपारनंतर मला काम करता आले. रजेनंतर कामावर येणाऱ्या बाईला काय हवे असते, असे मला कुणी विचारले तर मी याहून जास्त काही सांगू शकणार नाही. फाटकावर आणि टेबलावर आधी एकाने सगळ्यांना सांगून ठेवावे, म्हणजे तिला पंचवीस वेळा सांगावे लागत नाही. पहिले आठ-दहा दिवस तिला लोकांच्या खिडकीवर बसवू नये. आणि तिच्या बाळाबद्दल बोलायचे असेल तर बाळाबद्दल बोलावे.

माझ्या वीस दिवसांची गोष्ट पुढे अशी झाली. बी. कॉम.ला आम्हाला भागीदारीचा कायदा पाठ करायला लावला होता, कंपनी कायदा होता. बाळंतिणीचा कायदा मात्र अभ्यासक्रमात नव्हता. कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने मला तो कायदा आणून दिला. मी व्याख्येच्या ओळीखाली रेघ मारून अर्ज केला, उत्तर नाही म्हणून दुसरा केला. अकरा महिन्यांनी वीस दिवस माझ्या खात्यात परत जमा झाले. बारा आठवड्यांतले उरलेले बावीस दिवस गेले ते गेले. कुणी मुद्दाम अन्याय केला असे मी म्हणत नाही. कपाटात नियमांची पुस्तके होती, पण हे पान कुणी उघडलेच नव्हते.

हे पान उघडताना आपल्या लोकांना एक गोष्ट ठाऊक असावी असे मला वाटते. बाबासाहेब आणि रमाई यांची पाच अपत्ये. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली, एकटे यशवंत राहिले. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. त्यानंतर महिन्याभराने दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी चार लेकरे पुरल्याचे दुःख लिहिले आहे. एवढा खंबीर माणूस त्या पत्रात मोडून गेलेला दिसतो. पुढे दोनच वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबईच्या कायदे कौन्सिलात मजूर स्त्रियांच्या प्रसूतीच्या रजेचे विधेयक आले तेव्हा त्याला पाठिंबा देणारे भाषण बाबासाहेबांनी केले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, पण तिच्या श्रमाचा नफा घेणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्याची दुरुस्तीही त्यांनीच मांडली. राजरत्नच्या दुःखातूनच ते भाषण आले असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याजवळ नाही. पण ज्याची चार लेकरे गेली होती, तोच माणूस कौन्सिलात उभा होता. आणि रमाईला तर कुठल्याच मस्टरवर सही नव्हती. तिने रजा कुणाकडे मागायची?

आता थोडे कडू बोलते. मी रुजू झाले त्यानंतर तीन महिन्यांनी कार्यालयातल्या एका मुलीचे डोहाळजेवण आम्ही सगळ्यांनी ठरवले. वर्गणी माझ्याकडून घेतली. त्या दिवशी बरोबर बारा वाजता मला चलन भरायला बँकेत पाठवले. परत आले तेव्हा ओटी भरून झाली होती, आणि माझ्या टेबलावर कागदाच्या ताटलीत एक लाडू ठेवला होता. मी समजायचे ते समजले. माझी सावली तिच्या पोटावर पडायला नको होती.

तिथल्या बायका आपल्या समाजाच्या नव्हत्या, असे म्हणून मला सुटता येत नाही. आमच्याच वस्तीत एका घरी नामकरण होते. भिंतीवर तथागत, शेजारी बाबासाहेब, समोर मेणबत्त्या. त्रिशरण पंचशील झाले. वर्षापूर्वी जिचे बाळ गेले होते अशी एक सून हौसेने पुढे झाली आणि तिने बाळाला मांडीवर घेतले. एका म्हाताऱ्या बाईने काही न बोलता ते बाळ उचलून घेतले. ती सून हात तसेच ठेवून बसून राहिली. बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरात हे झाले. विटाळ म्हणजे काय हे ज्यांच्या बापजाद्यांनी गळ्यात मडके बांधून सोसले, त्यांनी आपल्याच लेकीसुनेचा विटाळ मानायचा? कुणी म्हणेल म्हातारी माणसे आहेत, सोडून द्या. मी सोडणार नाही. त्या दिवशी मी ते बाळ पुन्हा घेऊन तिच्या मांडीवर दिले, थोडी बोलाचाली झाली, जेवणे उशिरा झाली. होऊ देत.

अशा वेळी आपल्याकडे किसागोतमीची गोष्ट हटकून सांगतात. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी किसागोतमी, आणि ज्या घरात कुणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण असे सांगणारे तथागत. दवाखान्यातून आले तेव्हा मलाही तीन जणांनी ही गोष्ट ऐकवली. सांगण्याचा सूर असा की बघ, मरण सगळ्यांनाच आहे, तेव्हा आता डोळे पूस. मला ही गोष्ट अशी सांगितलेली आवडत नाही. तथागतांनी तिला गप्प बसायला कुठे सांगितले? उपदेशही लगेच केला नाही. आधी घरोघर पाठवले. श्रावस्तीच्या प्रत्येक दारात तिने विचारले आणि प्रत्येक दारातल्या माणसाने तिला आपल्या घरचे गेलेले माणूस सांगितले. कुणी दार लावून घेतले नाही, कुणी तिला अपशकुनी म्हटले नाही, तिच्या कडेवर प्रेत असतानासुद्धा. एवढे बोलणे ऐकल्यावर मग तिचे हात सैल झाले. आमच्या शिपाई मावशींनी धम्माचे पुस्तक कधी वाचले असेल असे वाटत नाही, पण त्या त्या दारातल्या होत्या.

आमच्या विहारात आम्ही आता एक साधी गोष्ट करतो. पौर्णिमेच्या वंदनेनंतर ज्यांना बोलायचे त्या बायका थांबतात, पुरुषमंडळी सतरंज्या गुंडाळून बाहेर जातात. एका फायलीत अर्जाचे नमुने ठेवले आहेत. दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड कितीही मन नको म्हणाले तरी फाडू नका, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. किती आठवड्यांचा गर्भ होता ते त्याच्यावरच लिहिलेले असते आणि सगळा हिशेब त्या एका आकड्यावर आहे. आठव्या-नवव्या महिन्यात मृत बाळ जन्मले तर त्याचीही नोंद जन्म-मृत्यूच्या कार्यालयात करायची असते, १९६९ चा कायदा तसे सांगतो. दवाखान्याने ती पाठवली की नाही, तेही विचारून घ्यावे.

पण फायलीत बसत नाहीत अशा भगिनी जास्त आहेत. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला यातला एकही कायदा लागत नाही. तिची मालकीण माणूस असेल तर रजा, नाहीतर दुसरी बाई तयार असते. कंत्राटदाराच्या हाताखाली झाडू मारणाऱ्यांना कायदा लागतो, पण त्यांना तो लागत नाही असेच सांगून ठेवलेले असते. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी मस्टरवरच्या स्त्रियांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजीच निकाल दिला आहे की कायम नसली तरी बाळंतपणाचा लाभ तिचा आहे. मागच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम भरलेले असले की झाले.

सध्या आमच्या हातात असेच एक प्रकरण आहे. आमच्या वस्तीतली मुलगी, कंत्राटी सफाई कामगार, पाचव्या महिन्यात गर्भ गेला. सहाव्या दिवशी ती हजेरीच्या चौकीवर झाडू घेऊन उभी होती, कारण आठवा दिवस चुकला की नाव कापतात असे मुकादमाने सांगितले होते. तिचा ना फंड कापला जातो, ना ईएसआय. वर्षभरात तिचे दोनशेच्या वर दिवस भरले आहेत, तिच्या वहीत रोजच्या रेघा आहेत. आम्ही अर्ज लिहिला, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स लावली, सहा आठवड्यांच्या पगाराची रक्कम तळाशी मांडली. कंत्राटदाराच्या माणसाने अर्ज हातात घेतला नाही, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवला. पोहोचल्याची नोंद आली आहे, उत्तर आलेले नाही. तिला मुकादमाने दोनदा विचारले की तुला हे कोण शिकवते. ती म्हणाली, “विहारातल्या बाया.”

येत्या गुरुवारी आम्ही चौघीजणी तिच्याबरोबर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाणार आहोत. तिची पाळी दोन वाजता सुटते, म्हणून वेळ तीनची ठेवली आहे. तिची सासू येणार की नाही हे अजून नक्की नाही, पण काल तिने वही कुठे ठेवली आहे ते विचारले.